दहा गुंठ्यांचे जग

स्वावलंबन हा शब्द आपल्याकडे इतका वंद्य ठरला आहे की, त्याची फोड करून पाहण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. शाळेच्या भिंतीवरील सुविचारापासून सभेतील भाषणापर्यंत तो सर्वत्र आढळतो. आणि ज्या शब्दास कोणीच विरोध करीत नाही, त्याचा अर्थ हळूहळू पातळ होत जातो, हा भाषेचा नेहमीचा अनुभव आहे. एका माणसाने आपले कपडे आपण धुणे हेही स्वावलंबन. आणि एका कुटुंबाने विजेची तार, नळाचे पाणी व वाण्याचे दुकान या तिहींस रामराम ठोकून आपल्या जमिनीच्या तुकड्यावर जगणे हेही स्वावलंबनच. पहिल्याची थोरवी दुसऱ्यास आपोआप लागू होते काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते आज विचारून पाहावे असा आमचा मानस आहे.

खरे पाहता हा प्रश्न आम्हांस आमच्या बुद्धीने सुचलेला नाही. तो आमच्या दारी चालत आला. आमचे वास्तव्य उरुण-इस्लामपुरात. २०२५ साली या गावाचे ईश्वरपूर असे नामांतर जाहीर झाले. परंतु जिभेचे वळण शासकीय कागदाइतक्या त्वरेने बदलत नाही, तेव्हा वाचकांनी जुने नाव चालवून घ्यावे. गेल्या दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी सहकुटुंब भेटावयास आला. पुण्यास त्याची बरी नोकरी आहे. वडिलांच्या पश्चात वाटणीत गावाबाहेरची दहा गुंठे जमीन त्याच्या वाट्यास आली. आई, पत्नी, दोन मुले व तो स्वतः अशा पाच माणसांनी त्या दहा गुंठ्यांवर जाऊन राहावे, तार घेऊ नये, नळ घेऊ नये, होता होईल तो बाजारही करू नये, असा त्याचा संकल्प. त्याच्या हाती श्री. अ. दाभोळकर यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक होते व त्यात पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. तो म्हणाला, “सर, दहा गुंठे पुरतात की नाही, एवढेच मला हवे आहे. तुम्ही वाचून सांगा.”

आम्ही शेतकरी नव्हे. वर्गात इंग्रजी गद्य-पद्य शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु पुस्तक जसे वाचावयास हवे तसे वाचणे हा आमचा धंदा आहे. आणि एखाद्या पुस्तकाच्या जोरावर पाच माणसांचे बिऱ्हाड हलणार असेल, तर तेथे टीका हा रिकामपणाचा उद्योग राहत नाही. म्हणून आम्ही ते पुस्तक वाचले, आणि त्याच्या शेजारी आणखी दोन ठेविली: थोरोचे ‘वॉल्डन’, जे दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणले, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’. एकात एकटा माणूस आहे, दुसऱ्यात अख्खा गाव आहे, तिसऱ्यात कुटुंब आहे. स्वावलंबनाचा घटक कोणता मानावा, हाच वादाचा मुद्दा असल्यामुळे ही तीन पुस्तके एका रांगेत वाचणे आम्हांस उचित वाटले.

प्रथम थोरो. १८४५ च्या ४ जुलै रोजी तो कॉन्कर्ड गावाजवळच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहावयास गेला आणि १८४७ च्या ६ सप्टेंबरास तेथून निघाला. म्हणजे एकंदर मुक्काम दोन वर्षे दोन महिन्यांचा. या ग्रंथाची थोरवी आम्ही वर्गात अनेकदा गायिली आहे व ती मागे घेण्याचे कारण दिसत नाही. परंतु त्यास स्वावलंबी संसाराची पोथी समजणारे वाचक त्यातील जमाखर्च वाचीत नाहीत. थोरोने तो प्रामाणिकपणे लिहिला आहे. घरास अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट लागले. फळ्या एका आयरिश मजुराची झोपडी विकत घेऊन मिळविल्या. कुऱ्हाड उसनी आणली. परत देताना ती अधिक धारदार होती, हा त्याचा अभिमान. जमीन मित्र इमर्सनची. अडीच एकर रान पेरून घेवड्याचे जे पीक काढले ते विकून साडेआठ डॉलरांच्या वर थोडे हाती उरले. आणि तो घेवडा स्वतः खाण्यापेक्षा देऊन त्याच्या मोबदल्यात तांदूळ घेणे त्यास अधिक रुचत असे. एक-दोन दिवसांआड तो गावात फेरी मारी व लोकांच्या गप्पा ऐके.

यात थोरोची लबाडी कोणी पाहू नये. त्याने आपण जगापासून तुटलो असा दावा केलेला नाही. माणसास खरोखर किती थोडे लागते एवढेच तो मोजून पाहत होता. मोजणारा एकटा होता, अविवाहित होता, आणि दोन वर्षांनी परत जावयास मोकळा होता. त्याच्या ग्रंथात कुटुंब एकाच ठिकाणी नीट दिसते, आणि तो प्रसंग आमच्या मते साऱ्या पुस्तकाची कसोटी आहे. पावसाने गाठल्यामुळे थोरो जॉन फील्ड नावाच्या आयरिश मजुराच्या खोपटात आसरा घेतो. घरात बायको आहे, मुले आहेत, छप्पर गळते आहे. थोरो त्यास उपदेश करतो: चहा-कॉफी, लोणी-मांस सोडा, म्हणजे त्यांसाठी राबावे लागणार नाही. फील्ड सुस्कारा टाकतो. बायको कमरेवर हात ठेवून पाहत राहते. हा बेत आरंभण्यास लागणारे भांडवल आणि तो तडीस नेण्यास लागणारे गणित आपल्यापाशी आहे काय, असा विचार त्या दोघांच्या मुद्रेवर उमटलेला थोरोस दिसतो. पण तो थांबत नाही. त्या बाईस काय वाटले हे तो विचारीत नाही. आम्ही हा प्रसंग पंचवीस वर्षे शिकविला, आणि आम्हीही ते कधी विचारले नव्हते.

आता ‘गावगाडा’. आपल्याकडे स्वावलंबनाचा विषय निघाला की कोणी ना कोणी जुन्या स्वयंपूर्ण खेड्याचे चित्र पुढे करतोच. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी हे सर्व गावातच. कुणबी पिकवी आणि खळ्यावर ज्याचा त्याचा वाटा देई. पैशाचे कारण क्वचित पडे. आत्रे मामलतदार होते. त्यांनी हा गाडा दप्तरातून व बांधावरून अशा दोन्ही अंगांनी पाहिला होता. म्हणून त्यांच्या पुस्तकात गोडवा कमी आणि तपशील फार. खळ्यावर रास पडली की तिला किती हात लागतात, आणि घरी पोचेपर्यंत कुणब्याचे काय उरते, हे त्यांनी ज्या बारकाईने मांडले आहे तिला मराठी गद्यात जोड थोडी. कुणबी, बलुतेदार व फिरस्ते या सर्वांस बांधून ठेवणारी ती व्यवस्था कोणासच नीट पोसू शकत नव्हती, असा त्या ग्रंथाचा इत्यर्थ आम्ही समजतो.

त्या खेड्याची दुसरी बाजू आत्र्यांच्या पुस्तकाबाहेर शोधावी लागते. १९४८ च्या ४ नोव्हेंबरास घटना समितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी ग्रामराज्याच्या कल्पनेवर जो कठोर प्रहार केला, तो या खेड्याच्या वेशीबाहेरून आलेला होता. आणि १९७८ साली दया पवारांनी आपल्या आत्मकथनास ‘बलुतं’ हेच नाव दिले. गाव स्वयंपूर्ण होते याचा अर्थ इतकाच की, गावास लागणारे प्रत्येक काम जन्माने कोणाच्या तरी गळ्यात बांधलेले होते. आणि एवढे करूनही ते पुरते स्वयंपूर्ण नव्हतेच. मीठ कोकणातून घाट चढून बैलांच्या पाठीवर येई, लोखंडही बाहेरचेच. आमच्याच भागात १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून लोखंडी नांगर खेडोपाडी गेला, तेव्हा कुणब्याने तो प्रथम संशयाने पाहिला. पण अखेर घेतला, कारण लाकडी नांगराहून तो खोल जात होता.

या दोन पुस्तकांवरून पुढील गोष्ट निघते. एकटा माणूस काही काळ थोडक्यात जगू शकतो, पण ते कुटुंबास प्रमाण होत नाही. गाव पुष्कळसे स्वयंपूर्ण होऊ शकते, पण त्याची किंमत कोणी द्यावयाची हे आधी ठरवावे लागते. कुटुंब या दोहोंच्या मध्ये आहे. थोरोची मोकळीक त्यास नाही आणि गावाची श्रमविभागणीही नाही. तेव्हा त्याचा हिशेब स्वतंत्रपणेच मांडला पाहिजे. तो मांडण्याचे श्रेय दाभोळकरांचे आहे.

दाभोळकर मूळचे गणिताचे अध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने आमच्या जिल्ह्यातील तासगावच्या द्राक्षबागांत जे घडविले ते येथील जुन्या बागाइतदारांस ठाऊक आहे. ‘विपुलाच सृष्टी’ आणि ‘प्लेंटी फॉर ऑल’ या ग्रंथांतून त्यांनी मांडलेला सिद्धान्त थोडक्यात असा: पाच माणसांच्या कुटुंबास सुखाने राहण्यास दहा गुंठे जमीन व दिवसास एक हजार लिटर पाणी पुरेसे आहे. भांडवल सूर्याचे, पान हा कारखाना, वाळलेला पाला ही माती. मनुष्याने करावयाचे ते एवढेच की, एकही किरण उघड्या जमिनीवर वाया जाऊ द्यावयाचा नाही.

कल्पना भव्य आहे आणि ती अंकांत मांडलेली आहे. म्हणूनच ती अंकांनी तपासली पाहिजे. आम्ही आमच्या महाविद्यालयातील शास्त्रशाखेच्या मित्रांस मदतीस घेऊन पाटीवर हिशेब केला. तो असा.

पाण्यापासून आरंभ करू. दहा गुंठे म्हणजे पाव एकर, सुमारे एक हजार चौरस मीटर. वर्षाकाठी सहाशे मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या तुकड्यावर सहा लाख लिटर पाणी पडते. दिवसास एक हजार लिटर म्हणजे वर्षास ३ लाख ६५ हजार. तेव्हा आकाश हात आखडता घेत नाही. साठविण्याची सोय मात्र हवी. परंतु एक हजार चौरस मीटरांवर एक हजार लिटर म्हणजे दिवसास अवघा एक मिलिमीटर. चैत्र-वैशाखात हिरवे पीक याच्या चार-पाच पट पाणी पिते. म्हणजे हा आकडा खरा होण्यास अटी आहेत: जमीन पाल्याने झाकलेली हवी, पावसाळ्याचे पाणी मातीत मुरलेले हवे, आणि उन्हाळ्यात सारे रान हिरवे ठेवण्याचा मोह आवरावा लागतो. दाभोळकर पाल्यावर एवढा भर का देतात ते येथे कळते. जो वाचक आकडा उचलतो आणि पाला विसरतो, त्याची बाग मार्च महिन्यातच माना टाकील. पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्याची गोष्ट याहून सोपी आहे. एक हजार चौरस फूट छपरावरून त्याच पावसात चाळीस हजार लिटरांहून अधिक पाणी धरता येते; पाच माणसांस दर माणशी दहा लिटरांप्रमाणे वर्षास अठरा हजार पुरतात. तेव्हा पिण्यापुरता नळ सोडता येईल, हे आम्ही मान्य करतो.

नंतर अन्न. पाच माणसांस, लहान-मोठी धरून, दिवसास दहा हजार कॅलरी लागतात असे समजू. त्यांपैकी तीन-पंचमांश धान्यातून मिळवावयाच्या तर वर्षास सहा ते सात क्विंटल धान्य हवे. बागायती गहू एकरी बारा क्विंटल धरला, तर दहा गुंठ्यांत तीन. पावसाळी हंगामात दुसरे धान्य घेऊन तेवढेच काढले, तर कसेबसे सहा. हिशेब जुळल्यासारखा दिसतो. परंतु मग भाजी, फळे, तेलबिया, गाईचा चारा आणि राहते घर यांस जागाच राहत नाही. यावर दाभोळकरांचे उत्तर ठरलेले आहे: धान्याचाच हट्ट का? रताळी, सुरण, केळी, शेवगा, पपई असे थरावर थर लावावे. आणि येथे आकडे त्यांच्या बाजूस जातात. उत्तम साधलेली रताळी पाव एकरात वीस क्विंटल निघू शकतात व त्यांत वर्षाच्या निम्म्या कॅलरी येतात. तेव्हा दहा गुंठे पुरतात की नाही या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, कुटुंब भाकरी सोडावयास तयार असेल तर पुष्कळसे पुरतात. पण आमच्याकडे भाकरी सोडणे ही साधी गोष्ट नव्हे. विद्यार्थ्याच्या मातोश्रींस आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी पदर तोंडास लावला व म्हणाल्या, “रताळं एकादशीला ठीक हाय, सर. रोज एकादशी कोन करनार?”

सरपणाचा हिशेब याहून अवघड. आमच्या विद्यार्थ्याच्या टिपणात ‘गोबरगॅस’ असा एकच शब्द होता. पाच-सहा माणसांच्या चुलीस पुरेल असे दोन घनमीटरांचे संयंत्र चालविण्यास दिवसास सुमारे पन्नास किलो शेण लागते. म्हणजे चार-पाच जनावरे. चार-पाच जनावरांचा चारा दहा गुंठ्यांत होत नाही. त्यास कित्येक पट रान हवे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्व्यांच्या मार्गदर्शनाखाली शेणाऐवजी खरकटे व वाया गेलेले पिठूळ पदार्थ यांवर चालणारे छोटे संयंत्र काढले व त्यास २००६ साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले. पण ज्या घरात काटेकोर बेताने अन्न शिजणार, तेथे खरकटे येणार कोठून? ते शेजाऱ्यांकडूनच आणावे लागेल. दिव्यांची गोष्ट सोपी वाटते. एक किलोवॅटच्या सौर तावदानांतून दिवसास सरासरी चार युनिटे मिळतात आणि साध्या घरास ती भागतात. परंतु श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तावदान कारखान्यातून येते, बॅटरी कारखान्यातून येते. तेव्हा तारेपासून सुटका झाली असे म्हणावे. कारखान्यापासून झाली असे म्हणू नये.

मिठाचे, कापडाचे आणि औषधाचे नाव कोणी काढीत नाही म्हणून आम्ही काढतो. मीठ वाळवे तालुक्यात पिकत नाही. कापडाचे गणित पाहा: पाच माणसांस वर्षास साठ चौरस मीटर कापड धरले, एका चौरस मीटरास तीन हजार मीटर सूत व चरख्याचा वेग तासास तीनशे मीटर धरला, तर केवळ सूतकताईस सहाशे तास लागतात, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवशी दीड तासाहून अधिक, आणि विणकाम वेगळेच. औषधाविषयी एकच सांगतो. आमचा भाग उसाचा. उसात घोणस असते, मण्यार असते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी येथून दूर नाही. सर्पदंशावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी तयार होते. ते परसात लावता येत नाही. ज्या घरात दोन लहान मुले आहेत त्या घरापासून रुग्णालय आणि रस्ता किती अंतरावर आहेत, हा प्रश्न स्वावलंबनाच्या तत्त्वाइतकाच मोठा आहे.

येथवर आम्ही जमिनीचा हिशेब केला. परंतु या साऱ्या आकड्यांत एक रकाना राहून गेला होता, आणि तो आमच्या ध्यानात आला नाही, हे कबूल केले पाहिजे. तो विद्यार्थ्याच्या पत्नीने दाखवून दिला. ती तोवर मुलांस घेऊन बाजूस बसली होती. आम्ही पाण्याचा हिशेब मोठ्या समाधानाने वाचून दाखविला तेव्हा ती हळूच म्हणाली, “सर, हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या किती घागरी?” आम्ही भागाकार केला. सदुसष्ट. ती म्हणाली, “त्या कोण आणणार, हे पुस्तकात कुठे आहे?”

हे ऐकून आम्हांस जॉन फील्डची बायको आठवली. कमरेवर हात ठेवून ती जे मनाशी मोजत होती ते हेच असावे.

सौर पंप बसविता येईल हे खरे, आणि विद्यार्थ्याने तसे लगेच सांगितलेही. पण प्रश्न केवळ घागरींचा नव्हता. पाच माणसांचे रोजचे दळण जात्यावर घातले तर तासाभराहून अधिक मोडते. आपण जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह करतो, त्यांवर प्रबंध लिहितो. त्या ओव्यांचे वाङ्मयमूल्य निर्विवाद आहे. परंतु ओवी गाणाऱ्या बाईचा खांदा दुखत होता, हेही त्या वाङ्मयाचेच सत्य आहे. याविषयी मातोश्रींची साक्ष आम्ही अक्षरशः नोंदवितो. त्या म्हणाल्या, “गिरण गावात आली तवा माझ्या सासूनं तिच्यापुढं नारळ फोडला हुता.” स्वावलंबनावरील कोणत्याही ग्रंथात हे वाक्य पहिल्या पानावर छापावे, असे आम्हांस वाटते. ज्यास आपण परावलंबन म्हणतो, त्याच्या पायी कोणाची तरी पाठ सरळ झाली होती.

मग दाभोळकरांचे पुस्तक चुकले काय? आमच्या मते नाही. ते चुकीचे वाचले गेले. ज्या वाचकास त्यात एकांतवासाची सनद दिसते, त्याने ग्रंथकर्त्याच्या कार्याचे नाव लक्षात घेतलेले नाही. ‘प्रयोग परिवार’ यातील परिवार म्हणजे एका छपराखालची पाच माणसे नव्हेत. कोणी बागाइतदार आपल्या वेलीवर काही करून पाही, ते दुसऱ्यास पत्राने कळवी. दुसरा ते ताडून पाही व आपला अनुभव पुढे धाडी. प्रत्येक शेत ही प्रयोगशाळा आणि प्रत्येक शेतकरी हा संशोधक, पण एकमेकांशी जोडलेला. तासगावचे द्राक्ष पिकले ते अशा देवाणघेवाणीवर. दहा गुंठ्यांच्या सिद्धान्तामागे हजारो माणसांचे ज्ञान उभे आहे. ते कुंपण घालून अडविता येत नाही, आणि कुंपणाआड बसून मिळतही नाही. ग्रंथाचा दोष दाखवावयाचाच तर एवढा की, पानाचा, किरणाचा व पाण्याचा हिशेब जितक्या आवेशाने त्यात मांडला आहे, तितक्या आवेशाने हातांचा मांडलेला नाही. आणि आकडा इतका देखणा आहे की उतावळा वाचक त्याच्या अटी वाचावयास थांबत नाही.

कुंपणाचा विचार आमच्या भागात आणखी एका कारणाने करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि वारणा पात्रांत मावेनात. काठच्या गावांत घरे, गोठे, बी-बियाणे, वर्षाची बेगमी सारे पाण्याखाली गेले. त्या आठवड्यात स्वावलंबी घर आणि परावलंबी घर यांत पाण्याने भेद केला नाही. माणसे तगली ती बाहेरगावांहून आलेल्या भाकऱ्यांवर, नावांवर, शाळांच्या इमारतींवर आणि ओळखदेख नसलेल्या माणसांच्या हातांवर. उलट बाजूही सांगितली पाहिजे. नदीकाठच्या ज्या जमिनी अति पाण्याने खारावून नापीक झाल्या, त्या बाजारासाठी एकच पीक घेण्याच्या हव्यासाचे फळ आहेत. दाभोळकरांचा पाला आणि मोजके पाणी तेथे पोचले असते, तर पुष्कळ रान वाचले असते. तेव्हा या ग्रंथाची गरज आमच्या जिल्ह्यास आहेच. ती घर सोडून पळणाऱ्यास जितकी आहे त्याहून ऊस लावणाऱ्यास अधिक आहे.

आता कुटुंबाने कोठवर जावे, याचे उत्तर देणे प्राप्त आहे. भाजी, फळे, काही कडधान्य, पिण्याचे पाणी, दिव्यांपुरती वीज आणि पुढील वर्षाचे बियाणे, येथवर जाण्यास दहा गुंठे समर्थ आहेत, आणि तेथवर जाणे आम्ही इष्ट मानतो. वाण्याची उधारी कमी होते, मुलांस माती कळते, ताटातील पदार्थाचा उगम ठाऊक होतो; हे लाभ लहान नव्हेत. धान्य, तेल, इंधन हे अंशतः साधते. मीठ, लोखंड, कापड, औषध व विद्या ही जगाशीच बांधलेली राहणार. ती गाठ तोडू पाहणारा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ओझे टाकतो. बहुधा ते ओझे घरातच असलेल्या आणि घराबाहेर न बोलणाऱ्या माणसावर पडते. पूर्वी गावाने ते वेशीबाहेरच्यांवर टाकले. आता घराने ते माजघरातल्यांवर टाकू नये. गाव स्वयंपूर्ण असण्याची जी किंमत आत्र्यांनी व दया पवारांनी दाखविली, तीच लहान प्रमाणात घरात पुन्हा वसूल होणार असेल, तर त्या स्वावलंबनास आम्ही तो शब्द लावणार नाही.

पुस्तक परत देताना आम्ही आमच्या विद्यार्थ्यास एकच विनंती केली. त्याच्या योजनेच्या कागदावर ‘काय’, ‘किती जागा’, ‘किती पाणी’ असे तीन रकाने होते. त्यांस ‘कोणाचे हात’ असा चौथा जोडावा. महिन्याने ते पुन्हा आले. कागदावर चौदा ओळी होत्या. आठ ओळींपुढे पत्नीचे नाव होते, तीन ओळींपुढे आईचे, दोहोंपुढे त्याचे स्वतःचे आणि एकीपुढे ‘मुले’ असे लिहिले होते. तो म्हणाला, “सर, लिहीपर्यंत मला हे दिसले नव्हते.” आम्ही काही बोललो नाही, आम्हांस तरी कोठे दिसले होते? त्याच्या पत्नीने तो कागद आपल्याकडे ओढून घेतला, मुलाच्या दप्तरातून खोडरबर काढले, आणि चौथा रकाना पुसून ती तो पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावयास बसली.